मक्याला नत्र केव्हा लागतं

जुलैचा दुसरा आठवडा उलटतो, मका गुडघ्याला लागतो, दोन दिवस बरा पाऊस होऊन उघडीप पडते, आणि धाडच्या कृषी सेवा केंद्रांपुढे एकच विचारणा सुरू होते, "भाऊ, युरिया आला का?" पॉस यंत्रावर अंगठा लावायचा, मिळतील तितक्या बॅगा उचलायच्या, कधी सोबत नको असलेली एखादी बाटलीही घ्यावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातलं कुणीतरी घमेलं कमरेला धरून सऱ्यांमधून हाताने युरिया फेकत जातं. आठवड्याभरात मका काळाभोर दिसू लागतो आणि काम झाल्याचं समाधान मिळतं.

तो काळेपणा खरा असतो, पण त्यातून पूर्ण हिशेब कळत नाही. विल्यम राउन आणि गॉर्डन जॉन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९९ साली जगभरच्या तृणधान्यांचा ताळा मांडला. शेतात घातलेल्या नत्रापैकी दाण्यात उतरतं ते साधारण ३३ टक्के, असं त्यातून निघालं. उरलेलं काही ताटात आणि मुळांत राहतं, काही जमिनीत, आणि बरंचसं हवेत किंवा पाण्यात निघून जातं. स्फुरद किंवा पालाश घातलं तर निदान बरंच काही आपल्या मातीत शिल्लक राहतं. नत्राचं तसं नाही, ते थांबत नाही. म्हणून ते किती घालायचं याइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, ते केव्हा आणि कुठे घालायचं याला महत्त्व आहे.

धाड बुलढाणा तालुक्यात, जालना जिल्ह्याच्या शिवेजवळ. आपल्या जिल्ह्याच्या भाषेत हा घाटावरचा भाग, अजिंठ्याच्या डोंगररांगेचा. त्यामुळे एकाच शेतकऱ्याच्या चार एकरांत दोन तऱ्हेच्या जमिनी असतात. वरच्या अंगाला हलकी, मुरमाड, वीतभर खोलीची बरड, आणि नाल्याकडे उतरलं की पाय रुतणारी भारी काळी. सोयाबीन, कपाशी, तूर सगळीकडेच आहे, पण पाण्याची थोडी सोय असेल तिथे खरिपात मका आणि रब्बीत गहू किंवा हरभरा ही जोडी पुष्कळांनी धरली आहे. मका आणि गहू ही दोन्ही पिकं नत्राची भुकेली, आणि दोन्ही जमिनी ते वेगवेगळ्या वाटांनी घालवतात. कसं, ते समजायला बॅग फोडल्यापासून सुरुवात करू.

आपल्या डोक्यावरच्या हवेत ७८ टक्के नत्रवायूच आहे, पण मक्याला तो घेता येत नाही. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतला नत्र आणि हायड्रोजन दाबाखाली एकत्र आणून अमोनिया तयार करून दाखवला, कार्ल बॉश यांनी ते काम कारखान्यात उतरवलं, आणि १९१३ पासून तो मोठ्या प्रमाणावर निघू लागला. अलिबागजवळ थळला आरसीएफचा युरिया कारखाना नैसर्गिक वायू वापरून आजही मुळात तेच करतो. त्या अमोनियापासून बनलेल्या युरियात ४६ टक्के नत्र असतं. ४५ किलोच्या बॅगेत सुमारे २०.७ किलो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

युरियाचा दाणा ओल्या मातीवर पडला की विरघळतो. मातीतल्या जिवाणूंकडे आणि कुजणाऱ्या काडीकचऱ्यात युरीएज नावाचं विकर असतं. ते युरिया फोडतं आणि त्यातून अमोनियम तयार होतं. जुलैच्या उबेत हे काम दोन ते चार दिवसांत उरकतं. फोडाफोड चालू असताना दाण्याभोवतीची माती काही काळ फार विम्ल होते. आपली काळी जमीन, विशेषतः चुनखडीची, मुळातच विम्ल, तिचा सामू बहुधा आठच्या आसपास. अशा ठिकाणी अमोनियमचा अमोनिया वायू होतो, आणि दाणा उघड्यावर असेल तर तो थेट उडून जातो.

हे डोळ्यांनी पाहता येतं. झाकणाच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या घ्या. दोन्हींत आपल्याच शेतातली काळी माती चार बोटं भरा आणि वापशाइतकी ओली करा. एका बरणीत चमचाभर युरिया वरच पसरा. दुसरीत तेवढाच युरिया तळाशी घालून वरून माती दाबा. हळदीच्या पाण्यात बुडवलेल्या पांढऱ्या कागदाच्या दोन ओलसर पट्ट्या झाकणाच्या आतून अशा लावा की त्या मातीला टेकणार नाहीत, आणि बरण्या घट्ट बंद करून घरात उबेला ठेवा. हळद विम्ल हवेत तांबडी होते, कुंकू हळदीतूनच करतात हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन-चार दिवसांत पहिल्या बरणीतली पट्टी तांबूस होऊ लागते आणि झाकण उघडलं की नाकात झणका जातो. दुसरीतली पट्टी पिवळी राहते किंवा उशिरा रंग बदलते, कारण निघालेला अमोनिया वरच्या मातीने धरून ठेवलेला असतो. चार बोटं माती एवढा फरक करते. शाळेतल्या पोरांकडून हा प्रयोग करून घेतला तर घरातल्या मोठ्यांनाही सांगायची गरज पडत नाही.

यातून एक गोष्ट निघते जी आपल्या सवयीच्या उलट आहे. "सकाळी दव असताना फेकला की लवकर विरतो," असं सर्रास म्हटलं जातं. विरतो खरा, पण विरून वरच बसतो, आणि दिवसा ऊन पडलं की उडतो. भुरभुर पावसाचंही तेच. दाणा भिजतो, पण आत उतरत नाही. युरिया मातीत नेऊन बसवायला दहा-पंधरा मिलिमीटरची एक तरी सर लागते, नाहीतर डवरा.

उडण्यातून वाचलेलं अमोनियम मातीच्या बारीक कणांना चिकटतं, आणि तोवर ते सुरक्षित असतं. पण जिवाणू त्यालाही स्वस्थ बसू देत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत त्याचं नायट्रेट होतं. नायट्रेट मक्याला आवडतं, मात्र मातीचा कण त्याला धरत नाही. दोघांवरही ऋण भार असतो, त्यामुळे ते पाण्याबरोबर जिकडे पाणी तिकडे जातं. २०१५ पासून देशातला सगळा युरिया निंबोळी तेल लावून येतो तो यासाठी, की अमोनियमचं नायट्रेट होण्याचा वेग मंदावावा. वेग मंदावतो, पण थांबत नाही. आणि उघड्यावरून वायू होऊन उडणं निंबोळीच्या लेपाने अडत नाही, हे विसरून चालणार नाही.

इथे बरड आणि काळी वेगळ्या वागतात. बरडीत जोराचा पाऊस झाला की नायट्रेट मुळांच्या खाली झिरपून जातं. काळीत ते झिरपायला वेळ लागतो, पण तिथे पाणी साचतं. चार दिवस शेत चिबडलं की मातीतली हवा संपते, आणि काही जिवाणू प्राणवायूसाठी नायट्रेटच फोडतात. नत्र पुन्हा वायू होऊन हवेत. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड असतो, ज्याची पृथ्वी तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त आहे. म्हणून काळीत मक्याला सरी-वरंबा आणि शेताच्या खालच्या धुऱ्याला चर काढणं हे पाण्याचं काम म्हणून आपण करतो, पण ते खताचंही काम आहे.

बरडीतून झिरपलेलं नायट्रेट विहिरीत उतरतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटने सर्वाधिक बाधित पंधरा जिल्ह्यांची यादी आहे, आणि तिच्यात बुलढाण्याचं नाव आहे. वर्धा, अमरावती, यवतमाळ, जळगाव, बीड, नांदेड हे आपले इतर सोबती. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नसावं असं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त असलं तर सगळ्यांत मोठा धोका बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना, त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. विहिरीतलं सगळं नायट्रेट युरियाचंच असतं असं नाही. गोठे, उकिरडे, शोषखड्डे यांचाही वाटा असतो. पण मळ्यातल्या विहिरीचं पाणी घरात प्यायला जात असेल तर ते एकदा तपासून घ्यावं, हे मी मनापासून सांगतो.

आता पिकाकडे. मका उगवल्यापासून सहा पानांचा होईपर्यंत फार थोडं नत्र खातो. त्याची मुळंच वीतभर असतात. सहा ते आठ पानांच्या सुमारास, आपल्याकडे साधारण पंचविसाव्या ते तिसाव्या दिवशी, दोन गोष्टी घडतात. वाढीचा वेग एकदम चढतो, आणि ताटाच्या आत, बाहेरून काही न दिसता, कणसाला दाण्यांच्या ओळी किती याचा निर्णय होऊ लागतो. तिथून तुरा येईपर्यंतचे तीन-चार आठवडे ही मक्याची खरी खादाडी. कणसाला केस फुटेपर्यंत त्याने आपल्या एकूण गरजेच्या निम्म्याहून पुष्कळ जास्त नत्र उचललेलं असतं. दाणा भरताना तो बरंचसं नत्र पानांतून काढून कणसात नेतो. म्हणजे पेरणीला सगळा युरिया घातला तर मका जेवायला बसायच्या आधीच ताट रिकामं, आणि तुरा आल्यावर घातला तर जेवण आटोपलेलं.

मक्यासाठी हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश ही आपल्याकडची रुळलेली शिफारस. एकरी नत्र ४८ किलो, स्फुरद २४ किलो. नत्राचे तीन सारखे हप्ते, एकेक १६ किलोचा. डीएपीच्या एका बॅगेत २३ किलो स्फुरद असतं, म्हणजे त्याचं काम एका बॅगेत भागलं, आणि तिच्यासोबत ९ किलो नत्रही आलं. पहिल्या हप्त्याचे उरलेले ७ किलो म्हणजे १५ किलो युरिया. पुढचे दोन हप्ते प्रत्येकी ३५ किलो युरियाचे. एकूण युरिया ८५ किलो, दोन बॅगांना थोडा कमीच. दहा-सव्वीस-सव्वीस वापरत असाल तर त्याच्या बॅगेत ५ किलोच नत्र असतं, त्याप्रमाणे युरिया वाढवायचा. पालाशची आणि जस्ताची बाजू वेगळी आहे. जस्त कमी असलेल्या जमिनीत झिंक सल्फेट टाळू नये, इतकंच इथे म्हणतो.

पस्तीस किलो एकरभर म्हणजे हातात किती? ओळींत साठ सेंटिमीटर अंतर असेल तर एकरात जवळजवळ पावणेसात किलोमीटर लांबीची तासं होतात. मीटरभर तासाला आलं पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा. तेवढ्या लांबीत वीस सेंटिमीटरवर पाच ताटं, म्हणजे ताटामागे एक ग्रॅम, चिमूटभर. फेकून टाकणाऱ्या हाताला ही चिमूट कधीच साधत नाही. कुठे मूठ पडते, कुठे काहीच नाही, आणि पोंग्यात अडकलेला दाणा पान जाळतो ते वेगळंच.

म्हणून दुसरा हप्ता तासाच्या कडेने, ताटापासून चार बोटं दूर, सोडत जावं आणि मागोमाग डवरा चालवावा. तण निघतं, ताटाला माती लागते, आणि युरिया झाकला जातो, एकाच फेरीत तिन्ही कामं. पहिला हप्ता पेरणीबरोबर देताना मात्र खत आणि बी एकाच नळीतून सोडू नये. युरिया आणि डीएपी दोन्ही बियाच्या अंगाला लागले तर उगवण मार खाते. बियाच्या बाजूला आणि दोन बोटं खाली खत पडलं पाहिजे, टोकण असो की पेरणीयंत्र.

तिसरा हप्ता सगळ्यांत अवघड. चाळीस-पंचेचाळीस दिवसांचा मका कमरेच्या वर गेलेला असतो, आत बैल शिरत नाही. इथे कॅलेंडरपेक्षा आभाळ आणि जमीन पाहावी. वापसा आहे, पाऊस येण्याची चिन्हं आहेत, तर त्या आधी द्यावा. तुषार संच असेल तर युरिया देऊन लगेच तासभर संच चालवावा. जमीन कोरडी ठणठणीत आणि पावसाने ताण दिलेला असेल तर थांबावं. आठ दिवस उशीर झाल्याने होणारं नुकसान कोरड्यावर टाकून उडवलेल्या युरियापेक्षा कमी असतं, शिवाय ताण लांबलाच तर तेवढी बॅग तरी घरात राहते. बरडीवर उलट, एका वेळचा हप्ता लहान करून चार वेळा देणं परवडतं, कारण तिथे एका जोरदार पावसात सगळं जाण्याची भीती असते.

मका पिवळा दिसला की युरिया, हे समीकरणही तपासून घ्यावं. नत्राची कमतरता खालच्या, जुन्या पानांपासून सुरू होते. पिवळेपणा पानाच्या टोकाकडून मधल्या शिरेने आत शिरतो आणि कडा बराच काळ हिरव्या राहतात. शेंड्याकडची नवी पानं पिवळी आणि खालची हिरवी असतील तर संशय गंधकावर किंवा लोहावर घ्यावा. वरच्या पानांच्या बुडाकडे, शिरेच्या दोन्ही अंगांना पांढुरके पट्टे असतील तर जस्त. आणि शेतात पाणी साचून सगळंच फिकट पडलं असेल तर आधी पाणी काढावं, कारण गुदमरलेली मुळं नत्र समोर असून घेऊ शकत नाहीत. सोयाबीनवर तर ही गफलत दर वर्षी दिसते. चुनखडीच्या जमिनीत लोह न मिळाल्याने शेंडे पिवळे पडतात, शिरा हिरव्या राहतात, आणि त्यावर युरिया टाकला जातो. अति नत्राने लुसलुशीत झालेलं पीक किडीलाही आवडतं. आपल्या राज्यात २०१८ पासून लष्करी अळी मक्यावर बसलेली आहे, तिला आयतं कुरण कशाला द्यायचं?

आता जमिनीच्या खात्यात आधीच काय आहे ते. मृदा आरोग्य पत्रिकेवर "उपलब्ध नत्र" हेक्टरी २२० किलो असं लिहिलेलं असतं, आणि शेतकरी रास्त प्रश्न विचारतो की २२० आहे तर आणखी १२० कशाला? तो आकडा शिलकीचा नाही. प्रयोगशाळेत एका ठराविक रसायनाने मातीतल्या सेंद्रिय पदार्थातून सहज सुटणारं नत्र मोजतात. २८० च्या खाली म्हणजे कमी, ५६० पर्यंत मध्यम, त्यावर भरपूर. तो तापमापकासारखा वाचायचा, कमी असेल तर शिफारशीत साधारण पाव हिस्सा वाढ, भरपूर असेल तर तेवढीच घट.

प्रत्यक्ष हंगामात माती किती देते ते सेंद्रिय कर्बावर ठरतं. एकरभर जमिनीचा वरचा वीतभर थर सुमारे नऊ लाख किलोचा. त्यात अर्धा टक्का कर्ब म्हणजे साडेचार हजार किलो, आणि त्याच्याबरोबर बांधलेलं नत्र चारशे किलोच्या आसपास. त्यातलं वर्षाला दोन-तीन टक्के सुटतं, आठ ते बारा किलो. कर्ब एक टक्का असता तर हेच दुप्पट मिळालं असतं, जवळजवळ एका युरिया बॅगेइतकं. एकरी पाच टन शेणखत घातलं तर त्यात नत्र साधारण २५ किलो, पण पहिल्या हंगामात हाती येतं फार तर तिसरा हिस्सा. उरलेलं पुढच्या पिकांचं.

बेवडाचाही हिशेब हवा. सोयाबीनचा बेवड चांगला हे खरं, पण का ते नीट पाहावं. सोयाबीन हवेतून नत्र घेतं आणि त्यातलं बहुतेक दाण्यात भरून बाजारात नेतं, क्विंटलमागे सहा किलोच्या आसपास. जमिनीत राहतो तो झडलेला पाला आणि मुळं, जी लवकर कुजून पुढच्या पिकाला नत्र सोडतात. त्यामुळे सोयाबीनवरच्या गव्हाला एखादा छोटा हप्ता वाचतो. दोन बॅगा मात्र वाचत नाहीत.

हे सगळं आपल्या शेतात तपासायचा एक बिनखर्ची मार्ग आहे. मक्यात चार तासं, दहा मीटर लांबीची, खुंट्या ठोकून वेगळी करावीत आणि त्यांना युरिया अजिबात देऊ नये, स्फुरद-पालाश इतरांसारखंच. शेजारी तेवढाच तुकडा नेहमीच्या खताचा. सोंगणीला दोन्हींची कणसं वेगळी वाळवून दाणे वजन करावेत. समजा बिनयुरियाच्या तुकड्याचा उतारा एकरी १२ क्विंटल बसला आणि खताच्या तुकड्याचा २२. क्विंटलभर मका पिकवायला झाड सव्वादोन किलोच्या आसपास नत्र उचलतं. म्हणजे वाढलेल्या दहा क्विंटलांसाठी २२ किलो कामी आलं, युरियातून घातलं होतं ३९, कारण डीएपीतलं ९ किलो दोन्ही तुकड्यांना मिळालेलं असतं. हा ताळा बरडीवर आणि काळीवर वेगवेगळा घ्यावा. बुलढाण्याचं कृषी विज्ञान केंद्र किंवा तालुक्याचे कृषी अधिकारी शिफारस सांगू शकतात, पण तुमच्या वरच्या अंगाच्या वावरात त्यातलं किती मुरतं ते खुंट्यांमधल्या या चार तासांवरून कळतं.

जास्त युरिया का पडतो, याचं एक कारण शेताबाहेर आहे. ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांना, तर डीएपीची १३५० ला. २०१० साली सरकारने पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आणलं, युरिया त्यातून बाहेर ठेवला, आणि त्यानंतर ही दरी खूप वाढली. स्वस्त ते हाताला लागतं, यात शेतकऱ्याला दोष देणं मला पटत नाही. दुसऱ्या टोकाला नॅनो युरियाची बाटली आहे. अर्ध्या लिटरमध्ये २० टक्के नत्र धरलं तरी ते शंभर ग्रॅमच्या आसपास होतं, आणि एका बॅगेत २० किलोंहून जास्त. फवारणीचा उपयोग हवाच असेल तर दोन टक्के साध्या युरियाच्या दोनशे लिटर द्रावणातून पावणेदोन किलोंहून अधिक नत्र जातं. ताणात सापडलेल्या पिकाला तेवढा आधार पुरतो. जमिनीतला हप्ता मात्र त्याने भरून निघत नाही.

मका निघाल्यावर त्याच वावरात गहू येतो. कडबा जनावरांना गेला तरी धसकटं आणि मुळं राहतात. त्यांच्यात कर्ब फार आणि नत्र थोडं. कुजवणारे जिवाणू आपली भूक भागवायला मातीतलं नत्र ओढून घेतात, आणि पेरणीनंतरचे पहिले काही आठवडे गहू फिकट राहतो. म्हणून धसकटं जाळू नयेत, पेरणीआधी जितकी लवकर मिसळता येतील तितकी मिसळावीत, आणि गव्हाच्या एकरी ४८ किलोंपैकी निम्मं नत्र पेरणीलाच द्यावं. उरलेलं निम्मं अठरा ते एकवीस दिवसांच्या पहिल्या पाण्याला, कारण तेव्हा मुकुटमुळं फुटतात आणि फुटवे ठरतात. भारी काळीत पाणी देण्याच्या आधी युरिया द्यावा, म्हणजे पाण्याबरोबर तो आत जातो. हलक्या जमिनीत पाणी देऊन वापसा आल्यावर, आणि शक्य तिथे मातीआड. डिसेंबरात उशिरा पेरलेल्या गव्हाला एकूणच नत्र कमी लागतं. ओंब्या बाहेर पडू लागल्यावर घातलेल्या युरियाने ना फुटवे वाढत, ना ओंबीत दाणे, गहू लोळण्याची शक्यता तेवढी वाढते. तेव्हा बॅग शिल्लक असेल तर तिचं तोंड घट्ट बांधून, जमिनीपासून वर, फळीवर कोरड्या जागी ठेवावी. युरिया हवेतली ओल ओढतो, आणि उघड्या तोंडाच्या बॅगेचं जूनपर्यंत ढेकूळ होतं.